पेंढीचं दुसरं टोक

रूथ आणि अमोल,

नाताळच्या सुट्टीत तुम्ही तिकडच्या एका खेड्यातल्या फार जुन्या चर्चचा फोटो पाठवला होता. गोल कमानीचं दार, जाड दगडी भिंती, भिंतीत खोल बसवलेल्या इवल्याशा खिडक्या. खाली रूथने लिहिलं होतं, "आजी, हे अगदी आजोबांच्या गावच्या चर्चसारखं आहे. आपलं आतून कसं दिसतं?" मी उत्तर दिलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, आजीला फोनवर लिहिता येत नाही. मला चांगलं लिहिता येतं. पण माझ्याकडे असलेलं उत्तर तीस वर्षं शिळं होतं. तेवढी वर्षं मी त्या चर्चमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं. आजोबांच्या अंत्यविधीचा व्हिडिओ पाहून अमोलने विचारलं होतं, तू कुठेच कशी दिसली नाहीस? मी म्हणाले, मागच्या बाकावर होते. मी मागच्या बाकावर नव्हते. मी बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते, आणि तुमच्या आजोबांची पेटी माझ्याशिवाय आत गेली होती.

हे आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. आता सांगते, कारण यंदाच्या सुगीत असं काही घडलं की रूथच्या प्रश्नाचं उत्तर मला देता येईल. ते उत्तर द्यायचं तर आधीचं सगळं सांगावं लागेल, आणि ते सांगताना मला अजूनही मान वर करता येत नाही.

तुम्हाला माहीत आहे की माझी धाकटी बहीण शांता त्र्याण्णवच्या भूकंपात गेली. ती औशाच्या पलीकडे एका खेड्यात नर्स होती आणि गावातल्याच एका घरात भाड्याने राहायची. तिकडची घरं तशीच असायची, मातीत रचलेल्या हात-दोन हात रुंद दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. मी लातूरहून पोचले तेव्हा सकाळ झाली होती. घराच्या जागी दगडांचा ढीग होता. लोक हाताने दगड काढत होते, मीही काढले. त्यापुढचं लिहीत नाही. त्या दिवसानंतर डोक्यावर दगड असलेल्या जागी मला उभं राहता येईना. मन तयार असायचं, पण उंबऱ्याशी आलं की पाय थांबायचे, कानात आवाज यायचा आणि अंगाला दरदरून घाम सुटायचा. लातूरचं आपलं घर स्लॅबचं, शाळाही स्लॅबची, त्यामुळे रोजच्या जगण्यात कुणाच्या काही लक्षात आलं नाही. शाळेत मी इंग्रजीबरोबर भूगोलही शिकवायचे. मातीत रचलेली भिंत का कोसळते आणि चुन्यात बांधलेली का टिकते, हे मी दर वर्षी फळ्यावर चित्र काढून मुलींना समजावून सांगायचे. आणि तरीही जळकोटच्या पुढच्या त्या गावी गेले की चुन्यात बांधलेल्या, कधीही न हललेल्या चर्चच्या बाहेर बसून राहायचे.

कारणं मी ठरवून ठेवलेली होती. कधी गुडघे, कधी दमा, कधी आत फार कोंदट होतं. आजोबांनी कधी खोलात विचारलं नाही. मला वाटतं त्यांना कळलं होतं, पण मी सांगेन याची ते वाट पाहत राहिले, आणि मी त्यांना वाट पाहायला लावली. गावच्या मंडळींनी मात्र स्वतःचा अर्थ लावला. आजोबांचे चुलत भाऊ दाऊदभाऊजी, ज्यांना तुम्ही व्हिडिओत तिरक्या टोपीत पाहिलंत, दर खेपेला हसत म्हणायचे, "वैनी, आमचं देऊळ लातूरच्या मॅडमला लहान पडून राहिलंय बघा. बसा बाहेरच, देव येईल तुमाला भेटायला." लोक हसायचे आणि मीही हसायचे. मी शिकलेली, इंग्रजी बोलणारी, शहरातली, म्हणून मला खेड्यातल्या उपासनेत बसणं कमीपणाचं वाटतं, असं ते धरून चालले होते. मी ते खोडलं नाही. मुलांनो, माझी खरी लाज ही आहे. भित्री म्हणवून घेण्यापेक्षा गर्विष्ठ म्हणवून घेणं मला सोयीचं वाटलं.

आणि ती वास्तू कोणाची होती? तुमच्या खापरपणज्यांच्या पिढीची. त्यांना गावच्या देवळाची पायरी चढू देत नसत. नमस्कार करायचा तो लांबून, रस्त्यावरून. निजामाच्या राज्यात एक पाद्रीसाहेब तिथे येऊन राहिला, आणि पहिली काही घरं ख्रिस्ती मंडळीत आली तेव्हा त्याने त्यांना विचारलं की तुम्हाला काय हवं. लोक म्हणाले, आत जाता येईल असं देऊळ. साहेब वास्तुविशारद नव्हता. त्याला फक्त त्याच्या बालपणीचं गावचं चर्च आठवत होतं, हजार वर्षांपूर्वीच्या पद्धतीचं, ज्याला पुस्तकात रोमनेस्क म्हणतात. त्याने आठवून आठवून कागदावर काढलं. जाड भिंती, अर्धगोल कमानी, पूर्वेला वेदीमागे अर्धवर्तुळाकार भिंत आणि वर, उभं चिरून पालथं घातलेल्या पिंपासारखं, दगडाचंच छत. आपल्याकडच्या गवंड्यांनी काळा दगड घडवला, बैलाच्या घाण्यावर चुना मळून त्यात गुळाचं पाणी घातलं. खांबांच्या माथ्यावर साहेबाला त्याच्या देशातल्या कुठल्याशा झाडाची पानं हवी होती. ते झाड इथे कुणी पाहिलेलं नव्हतं. गवंड्यांनी तिथे जोंधळ्याची कणसं कोरली. साहेबाने पाहिलं आणि तशीच राहू दिली.

छताची गोष्ट मला माझ्या सासूबाईंनी सांगितली, त्यांना त्यांच्या सासूने. दगडी कमान पुरी होईपर्यंत स्वतःच्या बळावर उभी राहत नाही, तिला खालून आधार लागतो. एवढ्या मोठ्या छताला पुरेल इतकं लाकूड त्या मुलखात नव्हतं. म्हणून चार भिंतींच्या आत माती भरली, खालपासून वरपर्यंत, आणि मातीच्या त्या ढिगाला गोल आकार देऊन त्यावर दगड बसवले. चुना वाळल्यावर बायांनी पाट्या भरभरून माती बाहेर काढायला घेतली. पण देवळात जायची लोकांना इतकी घाई होती की माती निघायच्या आतच उपासना सुरू झाली. पहिल्या रविवारी छत इतकं जवळ होतं की सगळे वाकून आत गेले आणि मातीवर बसून हाताने छताला शिवत होते. आठवडाभर माती निघे, आणि दर रविवारी छत थोडं उंच गेलेलं असे. सासूबाई हे सांगायच्या तेव्हा हात वर करून दाखवायच्या. मी ऐकून घ्यायचे आणि रविवारी पुन्हा झाडाखाली जाऊन बसायचे.

आता त्या गावच्या रीतीबद्दल. शाळू काढून झाला की पहिल्या रविवारी तिथे सुगीचा रविवार असतो. त्या वर्षात ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरच्याने जोंधळ्याची एक पेंढी, मुळापासून कणसापर्यंतच्या पुऱ्या ताटांची, दारातून उचलून वेदीपर्यंत न्यायची. ती वेदीवर टेकली की चर्चचे पाळकसाहेब गेलेल्याचं नाव पुकारतात आणि सारी मंडळी एका आवाजात म्हणते, "हाजीर." निजामाच्या काळापासूनचा शब्द आहे, कुणी बदलला नाही. पेंढी घरच्यानेच न्यायची, दुसऱ्याने नेलेली चालत नाही. घरचं कुणी आलं नाही तर नाव पुकारत नाहीत. पुण्याला गेलेल्या एका कुटुंबाच्या बाबतीत तसं झालेलं मी बाहेर बसून ऐकलं होतं. पाळकसाहेब क्षणभर थांबले आणि पुढच्या नावाकडे गेले.

यंदा नाव आजोबांचं होतं. तुमचे बाबा तिकडे, तुमची आत्या तिकडे. उरले मी.

मी महिनाभर प्रार्थना केली. इतर वेळी मी फार मागणारी बाई नाही, पण यंदा रोज मागितलं की प्रभू, मला धीर दे, एवढ्या एका दिवसापुरती भीती काढून टाक. मनात चित्र असं होतं की दाराशी पोचेन तेव्हा छातीत काहीतरी शांत होईल आणि मी सरळ चालत जाईन. लातूरहून एसटीने निघाले तेव्हाही मी छातीवर हात ठेवून वाट पाहत होते. उदगीर गेलं, जळकोट गेलं, काही शांत झालं नाही. गावात उतरले तेव्हा दाऊदभाऊजी पेंढी घेऊन अंगणात उभेच होते.

"वैनी, आज तरी आत येनार ना? का पेंढी पोस्टानं पाठवताव?"

मी म्हणाले, "येणार आहे भाऊजी." आणि त्यांनी पेंढी माझ्या हातांवर ठेवली.

मंडळी आत गेली, गाणं सुरू झालं. मी दाराशी उभी राहिले. तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्यासारखंच ते दार आहे, एकात एक बसवलेल्या तीन गोल कमानी, प्रत्येक आतली थोडी लहान, त्यामुळे माणूस आपोआप आत ओढला जातो. मला उलट वाटत होतं की ते मिटत चाललंय. एक पाय उंबऱ्यावर ठेवला आणि कानात तो आवाज आला. ताटं हातात सळसळायला लागली. गाणं संपलं. सगळ्यांनी वळून दाराकडे पाहिलं. पाळकसाहेब वेदीपाशी थांबले होते. मी पुढे जाईना आणि मागेही फिरेना. इतकी वर्षं जे झाकलं ते आता भर मंडळीसमोर उघडं पडत होतं, आणि तरीही माझ्या मनात काय आलं ते सांगते. दम लागल्याचं निमित्त करून खाली बसावं, असं आलं. नवऱ्याचं नाव गेलं तरी चालेल, पण आपलं झाकलेलं राहावं, असं आलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "काय झालं माय? चक्कर आली का?"

वळून पाहिलं. एक बाई होती, माझ्याहून थोडी लहान असेल. सुती लुगडं, हातात पिशवी, मिशरीने काळे झालेले दात. रस्त्यापलीकडच्या थांब्यावर एसटीची वाट पाहत होती आणि चर्चच्या अंगणातल्या हापशावर पाणी प्यायला आली होती. तोंडावर पाणी मारलेलं तसंच ओघळत होतं.

मी म्हणाले, "काही नाही. आपण जा."

हे मी ज्या आवाजात म्हणाले तो तुमच्या आजीचा शाळेतला आवाज होता. मला तिची मदत नको होती. ती मंडळीतली नव्हती, ओळखीची नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला तिच्या दातांचीही लाज वाटली.

ती गेली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मान वर करून कमानीकडे पाहिलं, मग आतल्या छताकडे. आणि हळू आवाजात म्हणाली, "दगडाचं भ्या वाटायलंय का?"

तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. माझ्या तोंडून हो निघून गेलं.

"मलाबी हाय," ती म्हणाली. "आमचं गाव तिकडं औशाकडं. आता पुनर्वसनात राहताव. सासू अन् मोठं पोरगं गेलं माझं. तवापासून दगडाच्या घरात जात न्हाई मी. लेकीला जळकोटात दिलीय, जुना वाडा हाय त्यांचा. तिचं बाळंतपण झालं तर मी दारातूनच बाळ बघितलं. जावई म्हणतो, सासूबाई मांजरावानी उंबऱ्यावरच." ती थोडी हसली. मग तिने पिशवी दाराशी ठेवली, चपला काढल्या. "द्या, एक टोक माझ्याकडं द्या. येकटीच्यानं न्हाई व्हायचं हे."

मी म्हणाले, "पेंढी घरच्यानंच न्यायची असते."

"तुमीच न्या की. म्या निस्तं धरते. तुमच्या देवाला मी चालंन का?"

"चालेल," मी म्हणाले.

"न्हाई चालले तर हाकलून दील. तसं बी बाहेरच तर हाय मी."

तिने कणसांकडचं टोक धरलं आणि पाठ माझ्याकडे करून उंबऱ्याच्या आत पाय ठेवला. ताटं ताणली गेली. मला दोनच गोष्टी करता आल्या असत्या, पेंढी सोडून देणं किंवा तिच्यामागे जाणं. मी तिच्यामागे गेले.

आत गारवा होता. तो मी विसरले होते. खिडक्या बाहेरून फटीएवढ्या दिसतात, पण भिंतीच्या जाडीत आतल्या बाजूला रुंद होत जातात, त्यामुळे उजेड अंगावर पसरून येतो. मी वर पाहिलं नाही. तिच्या भेगाळलेल्या टाचा पाहत चालले. अर्ध्या वाटेवर माझे पाय थांबले, आणि त्याच क्षणी तीही थांबली. न वळता म्हणाली, "घडीभर थांबा माय. मला बी घाम फुटलाय." तिच्या पोलक्याची पाठ भिजून चिकटली होती, ती मी पाहिली. मला वाटत होतं ती मला ओढून नेते आहे, पण ती स्वतःही माझ्या टोकाला धरून उभी होती. मंडळीत कुणी खोकललंसुद्धा नाही. मग ती निघाली, मी निघाले, आणि आम्ही पेंढी वेदीवर टेकवली. तिने आपल्या रीतीने जमिनीला डोकं लावून नमस्कार केला. पाळकसाहेबांनी तिचं उठून होईपर्यंत वाट पाहिली आणि मग तुमच्या आजोबांचं पूर्ण नाव पुकारलं.

"हाजीर," मंडळी म्हणाली. वरच्या दगडी छतावरून तो आवाज परत आमच्या अंगावर आला. मी ज्याची भीती बाळगून होते, तेच छत होतं ते. तेव्हा मी वर पाहिलं.

उपासना संपेपर्यंत ती माझ्याशेजारी पहिल्या बाकावर बसून होती, माझं मनगट घट्ट धरून. तिची एसटी निघून गेली होती. बाहेर आल्यावर पाळकसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले की मॅडमचा विश्वास आज आम्ही पाहिला. मी ते ऐकून घेतलं आणि गप्प राहिले, मुलांनो. तेव्हाही मी गप्प राहिले. ती खाली बसून चपला घालत होती. तिचं नावही मी तोवर विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा म्हणाली, "मथुराबाई." अंगणात पंगत बसली, तिला शेजारी घेतलं. जेवताना तिने वळून इमारतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "छत लई चांगलं हाय तुमचं. पर मी पुन्यांदा आत येनार न्हाई, आधीच सांगते." मग पुढची गाडी आली आणि ती गेली.

दाऊदभाऊजी वाढत होते. माझ्या पानात भात घालताना म्हणाले, "वैनी, उतरला म्हनायचा येकदाचा लातूरचा तोरा."

पुन्हा तीच सोय समोर होती. फक्त हसायचं होतं. मी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाले, "भाऊजी, तोरा नव्हता. मला भीती वाटते. शांता गेली तेव्हापासून दगडाखाली जायची भीती वाटते. मी तुम्हाला सगळ्यांना खोटं सांगत आले."

ते पातेलं हातात घेऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा मला आठवतो, मला वाटलं रागावतील. मग पातेलं खाली ठेवून म्हणाले, "मग सांगायचं न्हाई का वैनी? आमी बसलो असतो तुमच्यासंगं बाहेर. लिंबाखाली लई जागा हाय."

मला त्यानंतर जेवता आलं नाही. तीस वर्षं ज्या माणसांना मी माझा खोटा गर्व दाखवला, ती माणसं एका शब्दाने झाडाखाली येऊन बसली असती. पाद्रीसाहेबाचं चर्च रिकामं ठेवून बसली असती. आणि तुमचे आजोबा त्यांत पहिले असते.

शरण जाणं म्हणजे भीती संपणं, असं मी समजत होते. प्रभूकडे मी धीर मागितला आणि तो माझ्या छातीत यावा म्हणून वाट पाहत बसले. धीर आला नाही. त्याऐवजी एक तहानलेली बाई आली, माझ्याइतकीच घाबरलेली. मला तिला हाकलून द्यायचं होतं. ती का त्याच वेळी आली, त्याच थांब्यावर का, हे मी कुणाशी वाद घालून सिद्ध करणार नाही. मी एवढंच जाणते की माझ्या हातून ओझं उचललं जात नव्हतं आणि कुणीतरी दुसरीकडून धरलं. जे मागितलं ते मिळालं नाही म्हणून मी त्याचे आभार मानते. मागितलेलं मिळालं असतं तर मी ताठ मानेने एकटी आत गेले असते, आणि दाऊदभाऊजींना कधीच काही सांगितलं नसतं.

चर्च उभं आहे. पावसाळ्यात उत्तरेच्या भिंतीला ओल येते, एका खिडकीची कड निखळली आहे, बाकी सगळं शाबूत आहे. दर रविवारी आठ-दहा घरची माणसं येतात. मी महिन्यातून एकदा जाते आणि आत, दाराजवळच्या बाकावर बसते. भीती अजून तशीच आहे.